आयपीटीजी (जीन चालू करणारं रसायन) दिल्यावर प्रोटीन सगळं पेलेटमध्येच (तळाला बसलेल्या साक्यातच) दिसतंय, सबमिशनला सहा आठवडे. काय बदलू?

जीवरसायन_सेम४

नमस्कार मंडळी. एमएस्सी बायोकेमिस्ट्री, चौथं सेमिस्टर. प्रोजेक्ट भाताच्या एका ग्लुटाथायोन एस-ट्रान्सफरेजवर आहे (जीएसटी, टाऊ वर्ग). जीन क्लोन करायचा, ई. कोलायमध्ये प्रोटीन बनवायचं, निकेल कॉलमवर शुद्ध करायचं आणि सीडीएनबी (जीएसटी ज्यावर काम करतं ते रसायन) वापरून ॲक्टिव्हिटी दाखवायची. क्लोन तयार आहे: पेट-२८ए वेक्टर (जीन वाहून नेणारा डीएनए), एनडीई-वन आणि एक्सएचओ-वन या कापायच्या जागांच्या मध्ये, जीनचा स्वतःचा स्टॉप कोडॉन ठेवून. होस्ट ई. कोलायचा बीएल२१(डीई३) स्ट्रेन. अडलंय एक्स्प्रेशननंतर.

आत्ताची पद्धत अशी. १०० मिली फ्लास्कमध्ये ५० मिली एलबी (वाढीचं माध्यम), कॅनामायसिन ५० मायक्रोग्रॅम प्रति मिली. ओडी (पेशींची दाटी) ०.६ ला १ मिलिमोलर आयपीटीजी, ३७ अंशांवर ४ तास. पेशी खाली बसवून २ मिली पीबीएसमध्ये घेतल्या, १० सेकंदांचे तीन पल्स सोनिकेशन (ध्वनिलहरींनी पेशी फोडणं), मग ५,००० आरपीएमवर १० मिनिटं. सुपरनेटंटचे (वरच्या द्रवाचे) १५ मायक्रोलिटर डाय मिसळून लोड केले. पेलेट १०० मायक्रोलिटर सॅम्पल बफरमध्ये उकळून त्यातले १५ लोड केले. १२ टक्के जेल. पेलेटच्या लेनमध्ये साधारण २८ किलोडाल्टनला जाडजूड बँड आहे, सुपरनेटंटमध्ये जेमतेम रेघ.

गाईड म्हणतात रोझेटा स्ट्रेन मागवू. सीनियर म्हणतात ८ मोलर युरियात विरघळवून टाक. कुठून सुरुवात करू? शिवाय सॉफ्टवेअरने वजन २५.६ दाखवलं होतं, बँड २८ ला आहे. हे माझंच प्रोटीन आहे ना? आणि विद्राव्य प्रोटीन मिळालंच नाही तर प्रबंधात काय लिहायचं? पुढे पीएचडीच्या मुलाखतीही आहेत.

निकेल_निळा

स्ट्रेन मागवू नका आणि युरियाही तोलू नका. आधी जेल नीट वाचू. तुम्ही जे लिहिलंय त्यावरून प्रोटीन अविद्राव्य आहे हे सिद्धच होत नाही.

लोडिंगचा हिशोब मांडा. लायसेट (फोडलेल्या पेशींचा द्रव) २ मिली. त्यातले १५ मायक्रोलिटर लेनमध्ये गेले, म्हणजे सगळ्या सुपरनेटंटचा पाऊण टक्का. पेलेट १०० मायक्रोलिटरमध्ये घेऊन त्यातले १५ घातले, म्हणजे सगळ्या पेलेटचे १५ टक्के. पेलेटची लेन वीसपट जास्त भरली आहे. प्रोटीन दोन्हीकडे अगदी निम्मं-निम्मं असतं तरी जेल असंच दिसलं असतं. पुढच्या वेळी पेलेट एकदा बफरने धुवा, मग तितक्याच २ मिली बफरमध्ये पुन्हा मिसळा आणि दोन्हींमधून सारखंच माप घ्या. पेलेट चिवट असतो. सिरिंजच्या सुईतून चार-पाच वेळा वरखाली केला की एकसारखा होतो.

दुसरी शंका लायसिसची, म्हणजे पेशी फोडण्याची. १० सेकंदांचे तीन पल्स म्हणजे एकूण अर्धा मिनिट, तेही लायसोझाइम (पेशीभित्तिका कापणारं एन्झाइम) न घालता. बऱ्याच पेशी अख्ख्याच राहिल्या असणार. न फुटलेल्या पेशी खाली बसतात आणि आतलं विद्राव्य प्रोटीनसुद्धा पेलेटमध्ये मोजलं जातं. हे ओळखायला नवा प्रयोग लागत नाही, आहे त्याच जेलवर बघा. पेलेटच्या लेनमध्ये तुमच्या बँडसोबत ई. कोलायचे बाकीचे सगळे बँड टोटल (सगळ्या पेशींच्या) लेनसारखेच दिसत असतील, तर त्या अख्ख्या पेशी आहेत. खऱ्या इन्क्लुजन बॉडी (अविद्राव्य प्रोटीनच्या गुठळ्या) असतील तर एकच बँड ठळक आणि बाकी लेन बरीच मोकळी दिसते. नळीतही फरक कळतो. इन्क्लुजन बॉडींचा पेलेट खडूसारखा पांढरा आणि घट्ट, पेशींचा मातकट आणि मऊ.

लायसिस असं करा: ५० मिलिमोलर सोडियम फॉस्फेट पीएच ८.०, ३०० मिलिमोलर मीठ, १० मिलिमोलर इमिडाझोल. ५० मिली कल्चरच्या पेशींना २.५ मिली पुरे. लायसोझाइम १ मिलिग्रॅम प्रति मिली, बर्फावर अर्धा तास. सोनिकेशनच्या अगदी आधी पीएमएसएफ (प्रोटीन तोडणाऱ्या एन्झाइमांना रोखणारं) १ मिलिमोलर. त्याचा १०० मिलिमोलर साठा आयसोप्रोपेनॉलमध्ये करतात (१७.४ मिलिग्रॅम प्रति मिली), कारण पाण्यात ते टिकत नाही, पीएच ८ ला, २५ अंशांवर अर्ध्या-पाऊण तासात निम्मं संपतं. सकाळी बफरमध्ये घालून दुपारी वापरलं तर घातलं न घातलं सारखंच. ते विषारी आहे, हातमोजे घालूनच.

सोनिकेशनला ३ मिमीचा प्रोब, नळी बर्फ-पाण्याच्या काल्यात. नुसत्या बर्फाच्या खड्यांत नको, नळीला सगळीकडून थंडावा लागत नाही. १० सेकंद चालू, २० सेकंद बंद, चालू वेळ एकूण अडीच-तीन मिनिटं. प्रोब पृष्ठभागाशी आला की फेस येतो आणि फेसात प्रोटीन बिघडतं, त्यामुळे टोक द्रवात नीट बुडालेलं ठेवा, पण तळाला टेकू देऊ नका. सुरुवातीला द्रव ताकासारखा दिसतो, पेशी फुटल्या की अर्धपारदर्शक होतो. टिप उचलल्यावर थेंब तुटक पडायला हवा. तार धरत असेल तर डीएनए अजून लांब आहे: आणखी पल्स द्या, नाहीतर डीएनेज १० मायक्रोग्रॅम प्रति मिली आणि ५ मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइड घालून बर्फावर १५ मिनिटं थांबा.

मग सेंट्रिफ्यूज. ‘५,००० आरपीएम’ यावरून काहीच कळत नाही, जी लिहायची सवय लावा. जी म्हणजे ०.००००१११८ गुणिले त्रिज्या सेंटिमीटरमध्ये गुणिले आरपीएमचा वर्ग. ८.४ सेंमीच्या रोटरमध्ये ५,००० आरपीएम म्हणजे जेमतेम २,३५० जी. एवढ्यात बारीक गुठळ्या वरच तरंगत राहतात आणि त्यांनाच आपण विद्राव्य समजतो. त्याच रोटरमध्ये १३,००० आरपीएम म्हणजे जवळपास १५,९०० जी. ४ अंशांवर ३० मिनिटं फिरवा.

२८ ची काळजी नको. एनडीई-वनमध्ये क्लोन केलं की पुढे सहा हिस्टिडिन आणि थ्रॉम्बिनची जागा धरून २० अमिनो आम्लं जोडली जातात, २.२ किलोडाल्टनची भर. २५.६ अधिक २.२ म्हणजे २७.८. तुमचंच प्रोटीन दिसतंय. तरी टी-७ प्रमोटर आणि टी-७ टर्मिनेटर अशा दोन्ही बाजूंनी सीक्वेन्सिंग झालं नसेल तर आजच पाठवा. फ्रेमची चूक सबमिशनच्या आठवड्यात कळली तर काही करता येत नाही. आणि लायसोझाइम घातल्यावर १४ किलोडाल्टनला नवा बँड दिसेल. तो तुमचा नाही.

शेकर_१८

वरच्या प्रतिसादाशी सहमत. रोझेटाबद्दल थोडं. रोझेटा दुर्मिळ कोडॉनांचे टीआरएनए पुरवतो. दुर्मिळ कोडॉनांचा त्रास असला की प्रोटीन कमी बनतं, नाहीतर अर्धवट तुटलेले छोटे बँड दिसतात. तुमचा बँड जाड आहे आणि योग्य वजनाला आहे. म्हणजे तयार होण्यात अडचण नाही, घडी बसण्यात असू शकेल, आणि त्यावर रोझेटा काही करत नाही. उलट प्रोटीन आणखी भराभर बनलं तर गुठळ्या वाढतीलही.

३७ अंश आणि १ मिलिमोलर आयपीटीजी ही ‘बँड दिसतो का’ एवढंच बघायची अट झाली. टी-७ पॉलिमरेज बॅक्टेरियाच्या स्वतःच्या पॉलिमरेजपेक्षा कितीतरी वेगाने आरएनए काढतं. अर्धवट घडीच्या साखळ्या दाटीवाटीने जमतात, आणि त्यांचे पाण्याला टाळणारे उघडे भाग एकमेकांना चिकटतात. थंडीत दोन्ही गोष्टी सुधारतात: साखळ्या सावकाश बनतात आणि ती चिकटही कमी होते.

५० मिली कल्चर २५० मिलीच्या फ्लास्कमध्ये लावा. १०० मिलीच्या फ्लास्कमध्ये निम्म्यापर्यंत द्रव भरला की हवा पुरत नाही, मग पेशींची वाढ खुंटते आणि दरवेळचा निकाल वेगळा येतो. ओडी ०.५ ते ०.६ झाला की फ्लास्क बर्फ-पाण्यात १० मिनिटं ठेवून गार करा, मग आयपीटीजी द्या. हा क्रम चुकतोच चुकतो. आयपीटीजी घालून फ्लास्क १८ अंशांच्या शेकरमध्ये ठेवला तर आतलं माध्यम थंड व्हायला बराच वेळ लागतो आणि तेवढ्यात गरम कल्चरमध्ये गुठळ्यांना सुरुवात झालेली असते. मात्रा ०.२ मिलिमोलर: १ मोलर साठ्यातले १० मायक्रोलिटर ५० मिलीला. १८ अंश, १६ तास, १८० आरपीएम.

शेकरला कूलिंग नसेल (बऱ्याच विभागांत नसतंच) तर एप्रिल-मेच्या उन्हात तो खोलीच्या तापमानाखाली जाणार नाही, उलट मोटरच्या उष्णतेने दोन-चार अंश वरच राहील. एसी खोलीत शेकर नेऊन २५ अंशांवर ५-६ तास हा चालणारा पर्याय आहे. थर्मामीटर फ्लास्कशेजारी पाण्याच्या बाटलीत बुडवून ठेवा, पॅनलवरच्या आकड्यावर विसंबू नका.

इंडक्शनच्या आधीचा आणि नंतरचा नमुना सारख्या पेशींचा हवा. ओडी गुणिले मिली ०.६ येईल इतकं कल्चर घ्या: ओडी ०.६ असताना १ मिली, ओडी २ असताना ०.३ मिली. पेलेट ६० मायक्रोलिटर १ एक्स सॅम्पल बफरमध्ये, ९५ अंशांवर ५ मिनिटं, लोड १०. शेजारी रिकाम्या (तुमचा जीन न घातलेल्या) वेक्टरचं कल्चर हवंच, त्याच दिवशी, त्याच अटींवर.

प्रथिन_पुणे

युरियाचा मार्ग इतका वाईट नाही. एवढा जाड बँड मिळत असेल तर प्रोटीनची ददात नाही. इन्क्लुजन बॉडी धुऊन ८ मोलर युरियात विरघळवा, कॉलमवर बांधा, मग ६, ४, २, १, शून्य असं पायरीपायरीने डायलिसिस. वेळही आठवडाभराचाच.

निकेल_निळा

@प्रथिन_पुणे, इन्क्लुजन बॉडी खरोखर असतील तर तुमचं बरोबर. पण हे एन्झाइम कोणतं आहे ते बघा. जीएसटी सायटोसोलमधलं, विद्राव्य, दोन उपएककांनी बनलेलं. या कुळातलं एक प्रोटीन तर दुसऱ्या प्रोटीनांना विद्राव्य ठेवण्यासाठी टॅग म्हणून जोडतात. अशा कुळातलं प्रोटीन शंभर टक्के पेलेटमध्ये दिसलं तर आधी हाताळणीवर संशय घ्यावा. युरियातून परत घडी बसवताना दोन्ही उपएककं नीट जुळायला हवीत, आणि डायलिसिसच्या नळीत मधल्या युरियाच्या टप्प्यांत पांढरा साका बसला की परत पहिल्यापासून. सहा आठवड्यांत हा डाव शेवटीच खेळावा.

तरीही वेळ आलीच तर दोन गोष्टी सांभाळा. १०० मिली ८ मोलर द्रावणाला ४८ ग्रॅम युरिया लागतो. पाणी ५० मिलीच्या आसपास घेऊन सुरुवात करा, कारण युरियाच बरीच जागा खातो. विरघळताना बीकर हाताला गारेगार लागतो आणि विरघळणं थांबल्यासारखं वाटतं, मग हात आपोआप हीटरच्या बटणाकडे जातो. ३७ अंशांच्या वर नेऊ नका. तापलेल्या युरियातून सायनेट तयार होतं, ते लायसिनना आणि साखळीच्या सुरुवातीच्या अमिनो गटाला चिकटतं, आणि नंतर ॲक्टिव्हिटी का येत नाही याचं कारण कुठल्याच जेलवर दिसत नाही. द्रावण रोज ताजं करा.

जीवरसायन_सेम४

सगळ्यांचे आभार. सीक्वेन्स बरोबर आला. १८ अंश, ०.२ मिलिमोलर, लायसोझाइमसह लायसिस आणि सारखं लोडिंग केल्यावर बँड सुपरनेटंटमध्ये पेलेटपेक्षा जास्तच आहे! पण कॉलमवर नवा गोंधळ झालाय. ०.५ मिली रेझिन होतं, पण प्रोटीन जवळपास सगळं फ्लो-थ्रूमध्ये (न बांधता वाहून गेलेल्या द्रवात) निघून गेलं. इल्यूशनमध्ये (कॉलमवरून सोडवून काढलेल्या भागात) २५-२७ च्या आसपास एक फिका बँड तेवढा आहे. रेझिन निळं होतं, वरच्या भागात पांढरं पडलं, खालचं तपकिरी झालं. बफर आमच्या लॅबचा जुना ट्रिस बफर होता: १ मिलिमोलर ईडीटीए, ५ मिलिमोलर डीटीटी. इमिडाझोलचा इल्यूशन बफर ठरल्याप्रमाणे २५० मिलिमोलर.

बफर_आणि_पीएच

पांढरं पडलं ते ईडीटीएमुळे, तपकिरी झालं ते डीटीटीमुळे. ईडीटीए निकेलला रेझिनवरून उचलून नेतं, डीटीटी निकेलचं क्षपण करतं. निकेलच उरलं नाही तर हिस्टिडिन धरणार कशाला? ईडीटीए पूर्ण काढा. प्रोटिएज इनहिबिटरची तयार गोळी वापरत असाल तर ती ‘ईडीटीए-मुक्त’ आहे का ते डब्यावर वाचा. क्षपणकारक हवाच असेल तर बीटा-मरकॅप्टोइथेनॉल ५ मिलिमोलर चालतं.

रेझिन फेकू नका. पाण्याने धुवा, १०० मिलिमोलर ईडीटीए पाच कॉलम-व्हॉल्यूम (रेझिनच्या पाचपट) सोडा म्हणजे उरलंसुरलं निकेल जाऊन सगळं पांढरं होईल, मग भरपूर पाणी (ईडीटीएचा मागमूस राहता कामा नये), मग ०.१ मोलर निकेल सल्फेट दोन-तीन व्हॉल्यूम. हेक्साहायड्रेट असेल तर १०० मिलीला २.६३ ग्रॅम. एकसारखा निळा-हिरवा रंग चढतो. परत पाणी, मग बाइंडिंग बफर. निकेलचं धोवण सिंकमध्ये ओतू नका, वेगळ्या बाटलीत जमवा.

तो फिका बँड आपला समजून आनंदू नका. ई. कोलायचं एसएलवायडी नावाचं प्रोटीन हिस्टिडिनने भरलेलं असतं, निकेलला चिकटतं आणि जेलवर नेमकं २५-२७ च्या आसपास धावतं. तुमच्या प्रोटीनच्या शेजारीच! इथे रिकाम्या वेक्टरचं लायसेट त्याच कॉलमवरून चालवून बघितलंच पाहिजे. एसएलवायडी कमी करायला रेझिन मोजकं घ्या. ५० मिली कल्चरला ०.२५ मिली पुरे. जागा अपुरी पडली की घट्ट बांधला जाणारा टॅगच जागा पटकावतो, मोकळ्या जागा उरल्या की असले पाहुणे येऊन बसतात.

बाइंडिंग ४ अंशांवर तासभर, नळी हळूहळू उलटसुलट फिरवत. धुणं दोनदा: १० व्हॉल्यूम २० मिलिमोलर इमिडाझोल, मग १० व्हॉल्यूम ४० मिलिमोलर. इल्यूशन २५० मिलिमोलर, एकेक व्हॉल्यूमचे पाच भाग. ५० मिली इल्यूशन बफरला इमिडाझोल ०.८५ ग्रॅम. ते आम्लारी आहे, पीएच वर ढकलतं, म्हणून पीएच इमिडाझोल विरघळल्यावर हायड्रोक्लोरिक आम्लाने ८.० ला आणा, आधी नव्हे. प्रत्येक टप्प्याचे २० मायक्रोलिटर जेलसाठी बाजूला काढा. एवढं करूनही फ्लो-थ्रूमध्येच गेलं तर थोडं लायसेट ८ मोलर युरियात करून बांधून बघा. तिथे बांधलं गेलं तर टॅग घडीच्या आत दडलाय, आणि तो दुसऱ्या टोकाला न्यावा लागेल.

प्रोटीन मोजताना बीसीए नको, इमिडाझोल त्यात ढवळाढवळ करतं. ब्रॅडफोर्ड घ्या आणि ब्लँक म्हणून पाणी नाही, इल्यूशन बफर.

एन्झाइम_३४०

ॲसेच्या (ॲक्टिव्हिटी मोजण्याच्या) दिवशी वेळ वाया जाऊ नये म्हणून आत्ताच लिहितो. आधी डायलिसिस करून इमिडाझोल काढा (५० मिलिमोलर ट्रिस पीएच ७.५, १५० मिलिमोलर मीठ, १० टक्के ग्लिसरॉल). या बफरमध्ये डीटीटी किंवा मरकॅप्टोइथेनॉल ठेवू नका. सीडीएनबी कुठल्याही थायॉलशी आपणहून जुळतं आणि ब्लँकच चढायला लागतो.

१ मिलीच्या क्युव्हेटमध्ये १०० मिलिमोलर पोटॅशियम फॉस्फेट पीएच ६.५, ग्लुटाथायोन १ मिलिमोलर, सीडीएनबी १ मिलिमोलर. दोन्हींचे साठे १०० मिलिमोलरचे, म्हणजे प्रत्येकी १० मायक्रोलिटर. सीडीएनबी २०.३ मिलिग्रॅम प्रति मिली इथेनॉलमध्ये. पाण्यात विरघळत नाही, आणि क्युव्हेट गार असेल तर बारीक स्फटिक होऊन वाचन उड्या मारतं. ग्लुटाथायोन ३०.७ मिलिग्रॅम प्रति मिली, पाण्यात, त्याच दिवशीचं. सीडीएनबी त्वचेला लागलं तर कायमची ॲलर्जी जडू शकते, हातमोजे काढून बाटलीला हात लावू नका. पीएच ६.५ यासाठी की वर गेलं की एन्झाइमशिवायची प्रतिक्रिया जोर धरते.

३४० नॅनोमीटरला ३ मिनिटं वाचन, एन्झाइमविना ब्लँक वजा. गुणांक ९.६ प्रति मिलिमोलर प्रति सेंमी. निव्वळ वाढ मिनिटाला ०.०९६ आली आणि एन्झाइम २ मायक्रोग्रॅम घातलं असेल, तर ०.०१ मायक्रोमोल प्रति मिनिट, म्हणजे ५ युनिट प्रति मिलिग्रॅम. एन्झाइम निम्मं केल्यावर वेग निम्मा होतो का हे बघितल्याशिवाय आकडा लिहू नका. कच्च्या लायसेटमध्ये ई. कोलायचं स्वतःचं जीएसटीही असतं, तेव्हा तिथेही रिकाम्या वेक्टरचं लायसेट वजा करा.

शेकर_१८

प्रबंधाचा प्रश्न राहिलाच. पहिलं ३७ अंशांचं जेल वगळू नका. ३७ आणि १८ एकाच लोडिंगने शेजारी-शेजारी चालवा, ती तुमच्या निकालांतली सगळ्यात बोलकी आकृती होईल. व्हायवात आणि पीएचडीच्या मुलाखतीत समोरचे बहुतेक वेळा कागद पुढे करून जेल काढायला लावतात आणि ‘या लेनमध्ये किती घातलं होतं?’ असं विचारतात. आकृतीखाली प्रत्येक लेनचं नुसतं नाव देऊ नका. ‘सुपरनेटंट, एकूण भागाचा ०.६ टक्के; पेलेट, एकूण भागाचा ०.६ टक्के’ असं लिहा. सेंट्रिफ्यूज जी मध्ये, सोनिकेशनची चालू-बंद वेळ आणि प्रोबचा व्यास, इंडक्शनच्या क्षणाचा ओडी, आणि पॅनलवरचं नव्हे तर मोजलेलं तापमान. शुद्धीकरणाच्या तक्त्यात एकूण प्रोटीन, एकूण युनिट, विशिष्ट ॲक्टिव्हिटी आणि उतारा टक्क्यांत, हे चारही रकाने कच्च्या लायसेटपासून सुरू करा. त्यासाठी पुढच्या बॅचला लायसेटचे १०० मायक्रोलिटर आधीच वेगळे काढून बर्फावर ठेवा, कॉलमवर ओतल्यावर ते परत मिळत नाहीत.